बीएस-६ गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा जाळीचा डबा) काढून टाकू का? आणि नियमाची तारीख फक्त आम्हालाच का?

वाडीवाला

राम राम मंडळी. गाडीलाइनीतले आणि पर्यावरणाचं शिकलेले, दोन्ही प्रकारचे लोक इथं आहेत, म्हणून इथंच विचारतो.

माझी एकच गाडी आहे. बारा चाकी टिप्पर, २०२१ ची, बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमाची. किस्त अजून सुरू आहे. नागपूरजवळच्या उमरेडकडून कोळसा भरायचा आणि रेल्वेच्या साईडिंगवर नेऊन खाली करायचा, हेच काम. याआधी २००६ ची गाडी होती, ती २०२२ मध्ये काढून टाकली. त्या वर्षी १ एप्रिलपासून १५ वर्षांवरच्या अवजड गाडीच्या पासिंगची फी १,५०० वरून १२,५०० झाली, वरून ग्रीन टॅक्स. जुन्या गाडीच्या कमाईत ते बसेना. नवी गाडी कमी धूर सोडते, रस्त्यावर मान वर करून चालता येते, असं मनाला सांगितलं. ते खोटंही नव्हतं. जुन्या गाडीच्या मागे उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे, हिच्या मागे काहीच नाही.

मागच्या आठवड्यात रात्री दीड वाजता ड्रायव्हरचा फोन आला. "शेठ, लाल लाईट लागली. गाडी पिकअपच घेऊन नाही राहिली." मोटारसायकल काढली आणि गेलो. खाणीबाहेरची रांग तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. चार-पाच तास गाडी तासाला शंभर मीटर सरकते. इंजिन बंद केलं तर ब्रेकची हवा उतरते, म्हणून ड्रायव्हर ते सुरूच ठेवतो. एवढ्या थंड धुरात डीपीएफ तापत नाही, काजळी जळत नाही, साचत जाते. शेवटी गाडी रांगेबाहेर घेऊन उभ्या उभ्या रिजनरेशन लावलं, म्हणजे डबा तापवून आतली काजळी जाळायची. चाळीस मिनिटं इंजिन ओरडत होतं. खालचं वाळलेलं गवत करपायला लागलं तेव्हा आम्ही दोघं पाण्याच्या कॅन घेऊन बाजूला उभे राहिलो. तेवढ्यात मागच्या सतरा गाड्या पुढे निघून गेल्या. त्या रात्रीची फेरी बुडाली, डिझेल जळलं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी एक मिस्त्री म्हणाला, ४५ हजार द्या, डीपीएफ आतून पोकळ करून देतो, कॉम्प्युटरमध्ये मॅप मारून देतो, लाईट जन्मात लागणार नाही. त्या सतरांतल्या निम्म्या गाड्यांचं हे झालेलं आहे, ड्रायव्हर लोक उघड सांगतात.

आता मनातलं सांगतो. वीज केंद्रांच्या चिमण्यांसाठी केंद्रानं ७ डिसेंबर २०१५ ला नवे नियम काढले. दोन वर्षांत पाळा म्हणाले, म्हणजे २०१७. मग ती तारीख २०२२ वर गेली, मग तीन गट पाडून २०२४, २५, २६, मग २०२७, २८, २९. आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेकांना सल्फरचं यंत्र लावण्यातूनच मोकळं केलं. आमच्यासाठी मात्र बीएस-४ वरून बीएस-५ गाळून थेट बीएस-६, १ एप्रिल २०२०. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०१८ मध्येच सांगून ठेवलं होतं की त्यानंतर बीएस-४ विकायची नाही. कोळसा तोच. मी तो वाहून नेतो तेव्हा माझ्या धुराचा ग्रॅम-ग्रॅम मोजतात, आणि तो जळतो तिथं मुदतवाढ.

तर सांगा, काढू का?

मिस्त्री_कळमना

भाऊ, काढू नका. हे मी पुस्तक वाचून नाही सांगून राहिलो. २०२२ मध्ये मी स्वतः तीन गाड्यांचे काढले आहेत. ग्राहक रडत आले, मी करून दिलं. तिसऱ्या गाडीचा डबा कापला तेव्हा जाळीतून जी काळी भुकटी निघाली ती मैद्याहून बारीक. फुंकर मारली की हवेत तरंगत राहायची, खाली बसायचीच नाही. तोंडाला रुमाल बांधला होता तरी दोन दिवस थुंकी काळी येत होती. एका गाडीच्या एका डब्यातलं ते. तो डबा नसता तर हे सगळं वर्धा रोडवर, उमरेड रोडवर कोणाच्या तरी नाकात गेलं असतं. त्यानंतर मी ते काम बंद केलं. पोरांना सांगून ठेवलं आहे, कोणी विचारलं तर हात जोडायचे.

आता तुमच्या गाडीचं. खराबी डीपीएफची नाही, रांगेची आहे. हाच डबा समृद्धीवर चालणाऱ्या गाडीत वर्षानुवर्षं त्रास देत नाही, कारण तीन-चार तास एका लयीत गाडी चालली की धूर तापतो आणि काजळी आपोआप जळून जाते. त्याला धूर बराच वेळ गरम राहावा लागतो. तुमच्या गाडीला ते मिळतच नाही. म्हणून दर दोन दिवसांनी रिकामी गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास एका गिअरमध्ये आर.पी.एम. धरून पळवा. रिजनरेशन सुरू असताना आवाज वाढतो म्हणून ड्रायव्हर चावी फिरवतात, ती सवय मोडा. अर्धवट राहिलेलं रिजनरेशन सगळ्यात वाईट, तेव्हा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल बदलताना बीएस-६ साठीचं कमी राखेचंच घ्या. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही, ती जाळीत बसते ती कायमची. चार-साडेचार वर्षांच्या गाडीत ती भरलेलीच असणार. डबा खोलून भट्टीत तापवून, हवेनं उलटा फुंकून साफ करता येतो.

आणि धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड, म्हणजे नॉक्स, मारायला गाडीत युरिया लागतो, तो कुठून भरता ते सांगा. ढाब्यावरच्या सुट्या कॅनमध्ये लोक शेतीचा युरिया पाण्यात घोळून विकतात. शेतीचा युरिया नीमकोटेड असतो, त्याचं तेल नोझलला धरतं, पांढरे खडे जमतात, नॉक्सचा सेन्सर बोंब मारतो आणि गाडी पिकअप सोडते. गाडीच्या युरियात बरोबर साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेलं पाणी लागतं. निम्म्या वेळा लोक ज्याला डीपीएफचा त्रास म्हणतात तो या कॅनचा त्रास असतो.

तुळशीवृंदावन

वाडीवाला दादा, तुमची रात्रीची फेरी बुडाली याचं वाईट वाटलं. पण "काढू का" हे वाचून हात थरथरले, खोटं नाही सांगत.

मी शहराच्या उत्तरेकडच्या एका गावात राहते. वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात. सकाळी तुळशीला पाणी घालण्याआधी मी पानं ओल्या फडक्यानं पुसते. हे माझ्या सासूबाई करायच्या, आता मी करते. हिवाळ्यात फडकं करडं होतं, सिमेंटच्या पाण्यात बुडवल्यासारखं. कपडे गच्चीवर वाळत घालायचे तर वारा कुठला आहे ते आधी पाहायचं. पापड-कुरडया मी माहेरी जाऊन करते. वाचणाऱ्याला ही छोटी गोष्ट वाटेल, पण उन्हाळ्यात स्वतःच्या गच्चीवर कुरडई घालता येत नाही याचं दुःख काय असतं ते आमच्याकडच्या बायकांना विचारा.

माझ्या मुलीला दर डिसेंबरमध्ये नेब्युलायझर लागतं. कशामुळे ते डॉक्टर नेमकं सांगू शकत नाहीत. चिमणीमुळे, रस्त्यावरच्या राखेमुळे, की घरासमोरून जाणाऱ्या ट्रकमुळे? तिच्या छातीत हे सगळं एकच होऊन जातं. चिमणीला सूट मिळाली हा अन्याय आहे, शंभर टक्के आहे. पण म्हणून तुम्ही डबा काढला तर त्या अन्यायात भर पडते आणि ती भर माझ्याच घरात येते. चिमणीवाल्यांना आम्ही किती वर्षं विचारून राहिलो, ते ऐकत नाहीत. तुम्ही निदान विचारायला तरी आलात.

निवृत्त_अभियंता

औष्णिक वीज केंद्रात ३१ वर्षं काढली, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ताई, तुमच्या तुळशीवर बसते ती राख आहे, सल्फर नाही. दोन्ही वेगळी आणि दोन्हींची यंत्रंही वेगळी.

आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के. ती पकडायला ईएसपी असतं, विजेच्या भारानं राखेचे कण पत्र्याला चिकटवायचे आणि ठोकून खाली पाडायचे. ते नीट चालवलं, प्लेटा वेळेवर दुरुस्त केल्या, तर चिमणीतून फार थोडी राख बाहेर जाते. भार वाढला आणि दुरुस्ती पुढे ढकलली की फडकं करडं होतं. त्यासाठी नवा नियम लागत नाही, शिस्त लागते. आणि बऱ्याचदा ती राख चिमणीतून नाही, कोरड्या पडलेल्या राखेच्या तलावावरून उडून येते. तलावावर पाण्याचा थर ठेवला पाहिजे, तो उन्हाळ्यात ठेवत नाहीत.

मुदतवाढ मिळाली ती एफजीडीला. चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारून धुरातला सल्फर डायऑक्साइड धरायचा, त्याचं जिप्सम होतं. एका मेगावॉटमागे खर्च कोटीच्या घरात जातो, पाणी जास्त लागतं, चुनखडी ट्रकनं आणावी लागते, यंत्र स्वतःच वीज खातं, जोडणीसाठी युनिट बंद ठेवावं लागतं. आपल्या कोराडीच्या वीज केंद्रात ६६० मेगावॉटची तीन युनिटं आहेत, म्हणजे आकडा तुम्हीच काढा. तो शेवटी वीज बिलात येतो. आपल्या देशी कोळशात सल्फर साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. त्यामुळे एवढा खर्च करून हवा किती सुधारेल, हा प्रश्न चुकीचा नव्हता. केंद्रानं सूट देताना ज्या अभ्यासांचा आधार घेतला त्यात आपल्या वर्धा रोडवरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचाही होता.

मला खुपतं ते वेगळंच. हा अभ्यास २०१५ च्या आधी व्हायला हवा होता. आधी नियम, मग निविदा, मग मुदतवाढ, मग अभ्यास, मग सूट. यात ज्यांनी वेळेवर पैसे घालून यंत्र लावलं ते मूर्ख ठरले आणि जे बसून राहिले ते शहाणे. पुढच्या नियमाच्या वेळी सगळे बसूनच राहतील. वाडीवाला, तुमच्या मिस्त्रीनं ४५ हजारांची जी गोष्ट सांगितली, तीच गोष्ट मोठ्या टेबलावरही शिकवली गेली.

एक चांगलं उदाहरणही नोंदवतो, नाहीतर वाटेल की काहीच होत नाही. पूर्वी कोराडीला धरणाचं चांगलं पाणी जायचं. आता भांडेवाडीला नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून ते वीज केंद्राला देतात, दिवसाला १३० दशलक्ष लिटर क्षमतेचा तो प्रकल्प आहे. २०१६ च्या वीजदर धोरणात तर अटच आली की ५० किलोमीटरच्या आत सांडपाणी प्रकल्प असेल तर औष्णिक केंद्रानं ते पाणी वापरायचं. इथं नियम आणि सोय एकत्र आली, म्हणून काम झालं.

सिव्हिल_लाईन्स

अभियंता काकांचा आदर राखून एक दुरुस्ती. "राख दिसते, सल्फर दिसत नाही" इथवर ठीक. पण चिमणीतून निघालेला सल्फर डायऑक्साइड हवेत वायूच राहत नाही. अमोनियाशी मिळून त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात, अडीच मायक्रॉनहून लहान, आणि ते शंभर-दोनशे किलोमीटर वाहत जातात. चिमणीजवळच्या यंत्रावर ते मोजले जात नाहीत म्हणून ते नाहीत असं होत नाही. नागपूरच्या थंडीत सकाळी धुरकं जमिनीलगत अडकतं तेव्हा त्यात हेही असतं. चिमणी उंच असली की चालेल, हा जुलै २०२५ च्या सूचनेतला आधार मला म्हणूनच पटत नाही. उंच चिमणीनं आपल्या गावाचं जरा हलकं होतं, पुढच्या गावाचं नाही.

शिवाय २०१५ च्या नियमात सल्फर एकटा नव्हता. राखेच्या कणांची, नायट्रोजनच्या ऑक्साइडची आणि पाण्याच्या वापराचीही मर्यादा होती. सल्फरच्या वादात बाकीच्यांकडे लक्षच राहिलं नाही.

आता कायद्याचं. वाडीवाला, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ मध्ये मालकानं गाडीत बेकायदा फेरफार केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० दंड, किंवा दोन्ही आहे. कलम १९०(२) खाली प्रदूषणाचा दंड वेगळा, पहिल्या वेळी १०,००० पर्यंत. मिस्त्री म्हणेल की पीयूसीत पकडलं जात नाही, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा पाहतात, नायट्रोजनचे ऑक्साइड किंवा कणांची संख्या मोजतच नाहीत. बीएस-४ मध्ये अवजड इंजिनाला नॉक्सची मर्यादा ३.५ ग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ०.४, दर किलोवॉट-तासाला. एवढी मोठी झेप घेतली आणि रस्त्यावर तपासणी मात्र जुनीच ठेवली. पण अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं डबा उघडला तर? तिथं तुमची बाजू मांडायला मलाही जड जाईल.

हिंगणा_भट्टी

माझं छोटं फोर्जिंगचं युनिट आहे, १४ कामगार. प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत ऑरेंज, म्हणजे मधल्या गटात. संमतीपत्र, नूतनीकरण, बँक गॅरंटी, सगळं वेळेवर. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार इंधनाची. आम्ही फर्नेस ऑइलवर. थंडीत ते ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, गरम केल्याशिवाय बर्नरला चढत नाही, आणि जळताना सल्फरचा जो वास येतो तो कामगारांच्या डब्यातल्या भाजीला लागतो. मला गॅस हवा आहे. २०१८ पासून मी पाइपच्या गॅसची वाट पाहतो आहे. प्रत्येक बैठकीत सांगतात, स्वच्छ इंधनाकडे वळा. वळू, पण वळायला रस्ता? मुंबई-नागपूर-झारसुगुडा पाइपलाइनच्या भरवशावर मी २०२१ मध्ये गॅसचा बर्नर मागवून ठेवला. तो अजून खोक्यात आहे. टँकरनं आलेला गॅस घ्यावा तर माझं फोर्जिंग राजकोटच्या मालापुढे टिकत नाही. तिकडच्या कारखान्याच्या दारात पाइप आहे. नियम दोघांना एकच, पाइप एकाच्याच दारात.

विजेवरची इंडक्शन भट्टी हा दुसरा मार्ग. तोही पाहिला. महाराष्ट्राचा उद्योगाचा वीजदर पाहून परत आलो. आणि ती वीज शेवटी कुठल्या चिमणीतून येते, ते ताईंनी सांगितलंच.

स्कूलव्हॅन_नंदनवन

गॅसचं निघालंच आहे तर. मार्च २०२२ आठवतं का कोणाला? नागपुरात सीएनजी १२० रुपये किलो झाला होता, देशात सगळ्यात महाग, पेट्रोललाही मागं टाकलं. कारण इथं पाइपच नव्हता, गुजरातेतून एलएनजी टँकरनं यायचा आणि इथं त्याचा सीएनजी व्हायचा. मी प्रदूषण कमी होईल, खर्च वाचेल म्हणून व्हॅनला किट बसवली होती. पालकांना भाडं वाढवून मागायला तोंड नव्हतं. पाच महिने पेट्रोलवर चालवली.

खवासा_मार्ग

सगळं निराशेचंच नाही राजेहो. मी जबलपूर लाइनवर आहे. मनसर ते खवासा रस्ता पेंचच्या जंगलातून जातो. चौपदरीकरण कितीतरी वर्षं अडलं होतं, प्रकरण हायकोर्टात गेलं, आम्ही सगळे पर्यावरणवाल्यांना शिव्या घालायचो. शेवटी जनावरांसाठी नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतला, सगळ्यात लांब पूल ७५० मीटरचा. आज रात्री त्या पुलावरून गाडी नेताना ब्रेकवर पाय ठेवावा लागत नाही. पूर्वी चितळ आडवं आलं की काळजात धस्स व्हायचं, गाडी उलटायची भीती. कॅमेऱ्यात वाघ खालून जाताना दिसले. वेळ लागला, पैसा लागला, पण रस्ताही झाला आणि जनावरंही जगली. तेव्हा घातलेल्या शिव्या मी परत घेतो.

राखवीट_कामठी

अभियंता काकांनी राखेच्या तलावाचं काढलं, त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी फ्लाय ॲशच्या विटा करतो.

३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे वीज केंद्रानं राख शंभर टक्के वापरात आणायची, नाही आणली तर टनामागे १,००० रुपये भरपाई. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात सायलोतली कोरडी बारीक राख बल्करमध्ये भरून सिमेंटवाल्यांकडे जाते, आणि आमच्यासारख्याला तलावातली ओली, जाडी-भरडी राख मिळते. तिच्यात पाणी किती हे रोज बदलतं, त्यामुळे विटेचं प्रमाण रोज बदलावं लागतं. हातात घेऊन मूठ आवळली आणि बोटांच्या फटीतून पाणी आलं तर त्या दिवशी यंत्र सुरूच करत नाही, वीट उचलताना कोपरा तुटतो.

तरी मी हे काम सोडणार नाही. जुलै २०२२ मध्ये पावसानं कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला तेव्हा मी पाहायला गेलो होतो. धानाच्या बांध्यांमध्ये गुडघाभर करडा चिखल. राख कोलार नदीत आणि पुढे कन्हानमध्ये गेली. एक म्हातारे शेतकरी बांधावर बसून नुसते पाहत होते. मी काय बोलणार? तलावातून जेवढी राख माझ्या विटेत येईल तेवढी तरी तिथून कमी होईल, हेच मनात घेऊन परत आलो.

गाडीवाल्यांना एक विनंती. राखेची फेरी मारता तेव्हा ताडपत्री चारही बाजूंनी बांधा. नुसती वरून टाकलेली ताडपत्री वाऱ्यानं फडफडते आणि उलट जास्त राख उडवते. ताईंच्या तुळशीवरची थोडी राख तिथलीच आहे, मला खात्री आहे.

मातीच्या वीटभट्ट्यांचाही एक नियम आला होता, फेब्रुवारी २०२२ चा. हवा खराब असलेल्या शहरांच्या दहा किलोमीटरच्या आत झिगझॅग पद्धतीवर, म्हणजे भट्टीतली हवा नागमोडी फिरवून धूर कमी करणाऱ्या पद्धतीवर, वर्षभरात जा. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत नागपूर आहे, म्हणजे इथंही तोच हिशोब. माझ्या ओळखीच्या एका भट्टीवाल्यानं कर्ज काढून झिगझॅग केली. शेजारच्यानं भट्टी अकरा किलोमीटरवर हलवली.

मिस्त्री_कळमना

वाडीवाला भाऊ, काय ठरलं? गायब झाले तुम्ही.

वाडीवाला

गायब नाही जी, गाडी उभी होती. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, सगळं वाचलं, ताईंचं तर दोनदा वाचलं.

डबा काढला नाही. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये साफ करून घेतला. १८ हजार लागले आणि गाडी दोन दिवस उभी राहिली. पोरानं आधी डबा काट्यावर ठेवला, भट्टीत तापवून हवा मारल्यावर पुन्हा ठेवला. ३४० ग्रॅमचा फरक. ती भुकटी मी पिशवीत बांधून घरी आणली. बायकोला दाखवली. ती म्हणाली, हे गच्चीवर ठेवू नका, आणि पिशवीला अजून दोन गाठी मारल्या.

युरियाचं मिस्त्री काका, तुमचं खरं निघालं. ड्रायव्हर एका ढाब्यावरून कॅन घेत होता, लिटरमागे काही रुपये वाचवून माझ्याच खिशात ठेवत होता बिचारा. नोझल काढलं तेव्हा टोकाला खडीसाखरेसारखे खडे. आता पंपावरूनच भरतो. दर तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर रिकामी गाडी उमरेड रोडवर एका लयीत पळवतो. लाल लाईट परत लागलेली नाही. पिवळी एकदा लागली, ती चालता चालता विझली.

पण खरी गोष्ट रांगेची. गाड्या पाच-पाच तास इंजिन सुरू ठेवून उभ्या राहतात, शंभर-शंभर गाड्या. प्रत्येक गाडी तासाला दोन-अडीच लिटर डिझेल नुसतं उभं राहून जाळते. हे कोणत्याच नियमात बसत नाही, त्याचं कोणी मोजतही नाही. बंदरावर जसं आधी नंबर मिळतो तसं टोकन दिलं, वेळ सांगितली, तर गाडी आपापल्या जागी इंजिन बंद करून उभी राहील आणि वेळेवर काट्यावर येईल. डबाही तुंबणार नाही. अकरा गाडीवाले मिळून आम्ही खाणीच्या व्यवस्थापनाला अर्ज लिहिला आहे. त्यातल्या चौघांचे डीपीएफ काढलेले आहेत. मी त्यांना काही बोललो नाही, फक्त ती पिशवी दाखवली. एकानं विचारलं, परत बसवायला किती लागतात.

चिमणीच्या तारखेचा माझा राग गेलेला नाही. तो राहणार. अभियंता काकांचं पटलं की नियम आधी आणि अभ्यास मागून झाला, सिव्हिल लाईन्स साहेबांचंही पटलं की सल्फर दिसत नाही म्हणून तो नाही असं नसतं. माझं एवढंच म्हणणं की तारीख ठेवायची तर सगळ्यांना ठेवा, आणि सोय करायची तर हिंगण्याच्या भाऊंच्या दारातही पाइप आणा.

सिव्हिल लाईन्स साहेब, अर्जाचा मसुदा तुम्हाला पाठवू का? भाषा सरळ आहे, कायद्याची नाही. १० तारखेला बोलावलं आहे.

सिव्हिल_लाईन्स

पाठवा. भाषा सरळच राहू द्या. फक्त किती गाड्या, किती तास, किती लिटर हे तीन आकडे पंधरा दिवस वहीत लिहून सोबत जोडा, ड्रायव्हरच्या सहीनिशी. बैठकीत मी येतो, फी नको.

तुळशीवृंदावन

दादा, त्या पिशवीचा एक फोटो अर्जाला लावा. आणि आमच्या गावातल्या महिला मंडळाच्या सह्या हव्या असतील तर रविवारपर्यंत करून देते.

मिस्त्री_कळमना

त्या चौघांना माझ्याकडे पाठवा. बसवणावळ घेणार नाही, डबा त्यांनी आणावा. जुना डबा पोकळ केला असेल तर आतली जाळी नवीनच लागेल, ते आधीच सांगून ठेवा. आणि येताना त्या ढाब्यावरचा एक युरियाचा कॅन घेऊन या, मला झाकणावरचा बॅच नंबर पाहायचा आहे.